क्लार्कचा मान, क्लार्कची मान

माणसांना जशी बढती मिळते तशी शब्दांनाही मिळते. आणि ती लायकी पाहूनच मिळते असं माणसांच्या बाबतीतही नाही आणि शब्दांच्या बाबतीतही नाही. 'मिनिस्टर' हा शब्द घ्या. लॅटिनमध्ये मिनिस्टर म्हणजे नोकर. सांगितलेलं काम करणारा, हाताखालचा माणूस. आज या नोकराची गाडी जायची असली की धन्यांना चौकात अर्धा तास थांबवून ठेवतात. 'मार्शल' हा जुन्या जर्मन बोलीत घोड्यांची निगा राखणारा मोतद्दार होता. तबेल्यातून निघाला तो थेट फील्ड मार्शल होऊन बसला. वाटेत कुणी त्याचं सर्व्हिस बुक उघडून पाहिलं नाही.

'क्लार्क' या शब्दाचं नेमकं उलट झालं. हा बिचारा भरती झाला देवाच्या दारी आणि आज बसला आहे खिडकी नंबर चारच्या मागे, 'जेवणाची सुट्टी' अशी पाटी लावून. एवढी मोठी पदावनती मी कुठल्याच खात्यात पाहिलेली नाही. आणि मी खाती थोडीथोडकी पाहिलेली नाहीत. तेहतीस वर्षं हा शब्द माझ्या नावाला चिकटलेला होता. आधी ज्युनिअर क्लार्क, मग सीनिअर क्लार्क, आणि शेवटी निरोपसमारंभाच्या दिवशी तीन तास 'एक आदर्श क्लार्क'.

या शब्दाला बाजारात काय भाव आहे हे लग्नाच्या वेळी कळतं. माझ्या वेळी माझ्या मावशीनं मुलीकडच्यांना सांगितलं होतं, "मुलगा सरकारात आहे." सरकारात म्हणजे मंत्रिमंडळात की दप्तरात, हे त्यांनी विचारलं नाही आणि मावशीनं सांगितलं नाही. आमची ही अजूनही म्हणते, की मावशी खोटं बोलल्या नाहीत, पण थांबल्या फार योग्य जागी! आता तर तो शब्दच उच्चारायचं काम उरलेलं नाही. बँकेतला क्लार्क 'असोसिएट' झाला आहे. महसूल खात्यातला लिपिक 'महसूल सहायक' झाला आहे. असोसिएट म्हणजे सोबती आणि सहायक म्हणजे मदतनीस. सोबत आणि मदत या दोन्ही गोष्टी त्या खिडकीपाशी किती मिळतात हे तुम्ही जाणताच. पण नावं ऐकायला बरी वाटतात.

निवृत्तीनंतर माणसाला तीन छंद लागतात : सकाळी फिरणं, दुपारी पेन्शनरांच्या सभेत भांडणं आणि संध्याकाळी शब्दकोश चाळणं. पहिल्या दोहोंना गुडघे आणि आवाज लागतो. म्हणून मी तिसरा धरला. आणि ज्या शब्दानं मला तेहतीस वर्षं पोसलं त्याचं मूळ गाव तरी पाहावं, म्हणून एके दिवशी 'क्लार्क'च्या मागे लागलो.

मूळ गाव निघालं ग्रीस. तिथे 'क्लेरोस' म्हणून शब्द आहे. क्लेरोस म्हणजे चिठ्ठी. कागदाची नव्हे, वाटणी करताना, निवड करताना जे खडे किंवा लाकडाचे तुकडे टाकत, ती चिठ्ठी. मग त्या चिठ्ठीनं जो वाटा मिळाला त्यालाही क्लेरोस म्हणू लागले. ज्यूंच्या जुन्या धर्मशास्त्रात अशी व्यवस्था आहे, की सगळ्या वंशांना जमीन वाटून द्यावी, पण पूजाअर्चा करणाऱ्या लेवी वंशाला जमीन नाही. त्यांचा वाटा म्हणजे प्रत्यक्ष देव. ख्रिस्ती लोकांनी ही कल्पना उचलली आणि आपल्या धर्मोपदेशकांना 'देवाच्या वाट्याचे' या अर्थाने लॅटिनमध्ये 'क्लेरिकुस' म्हटलं. त्याचं फ्रेंचमध्ये झालं 'क्लेर' आणि इंग्रजीत 'क्लर्क'. जमीन नाही, जुमला नाही, पण वाट्याला देव! आमच्या वाट्याला जमीनही आली नाही आणि देवाच्या जागी आल्या फाइली. पण वंश तोच.

आता पाद्र्याचा कारकून कसा झाला? तर मध्ययुगीन युरोपात लिहिता-वाचता येत असे ते बहुतेक पाद्र्यांनाच. राजाला स्वतःची सही करताना घाम फुटे. तेव्हा हिशेब, पत्रं, खलिते लिहायचे असले, की बोलवा क्लर्कला. हळूहळू 'पाद्री' हा अर्थ मागे पडला आणि 'ज्याला वाचता येतं तो' हा अर्थ पुढे आला. चौदाव्या शतकातल्या चॉसरच्या काव्यातला ऑक्सफर्डचा 'क्लर्क' हा कारकून नाही, विद्यार्थी आहे. अंगावर धड कोट नाही, पण उशाशी वीस पुस्तकं असावीत ही त्याची हौस. म्हणजे त्या काळी 'मुलगा क्लर्क आहे' असं म्हटल्यावर मुलीकडच्यांनी उठून नमस्कार केला असता. मावशीला काही करावं लागलं नसतं.

उच्चाराचीही एक गंमत आहे. जुन्या इंग्रजीत बऱ्याच शब्दांतला 'अर' हा बोलताना 'आर' झाला. काही शब्दांचं स्पेलिंग बदललं, काहींचं राहून गेलं. म्हणून इंग्रज लिहितो 'डर्बी' आणि म्हणतो 'डार्बी', लिहितो 'क्लर्क' आणि म्हणतो 'क्लार्क'. 'पर्सन' म्हणजे माणूस आणि 'पार्सन' म्हणजे पाद्री हे दोघे याच कारणानं एका शब्दाची दोन पोरं. अमेरिकेत मात्र क्लर्क तो क्लर्कच राहिला आणि दुकानात गल्ल्यामागे जाऊन उभा राहिला. इंग्लंडात ज्यांनी बोलल्याप्रमाणे स्पेलिंग केलं त्यांचं 'क्लार्क' हे आडनाव झालं. यात आपल्याला नवल वाटायला नको. आपल्याकडेही चिटणीस, फडणीस, सबनीस, पोतनीस आहेतच. शेवटचा 'नीस' म्हणजे फारसीतला 'नवीस', लिहिणारा. टेबल गेलं, दौत गेली, आडनावावर तेवढी शाई राहिली.

इथपर्यंत मी खुशीत होतो. आपला शब्द खानदानी निघाला की कुणाला आनंद होत नाही? पण खानदानाचा इतिहास फार खोलात जाऊन पाहू नये म्हणतात ते खरं आहे. कारण पुढच्याच पानावर मला फाशीचा दोर दिसला.

त्याचं असं झालं. इंग्लंडात पाद्र्याला राजाच्या कोर्टात फाशी देता येत नसे. त्याचा न्याय चर्चचं कोर्ट करी आणि चर्चचं कोर्ट देहान्ताची शिक्षा देत नसे. ही झाली 'क्लर्कची सवलत'. आता आरोपी खरोखर क्लर्क आहे की नाही हे ओळखायचं कसं? तेव्हा ओळखपत्र नव्हतं. चौदाव्या शतकात कोर्टानं सोपी परीक्षा काढली : वाचून दाखव. वाचता आलं तर क्लर्क, नाही तर नाही. पुस्तक बायबलचं आणि उतारा बहुतेक वेळा ठरलेला, एक्कावन्नाव्या स्तोत्राची सुरुवात, ज्यात पापी माणूस देवाकडे दयेची याचना करतो. तो वाचला की मान वाचली. म्हणून लोक त्या ओळींना 'मानेचा श्लोक' म्हणू लागले. परीक्षेतला प्रश्न वर्षानुवर्षं तोच आहे म्हटल्यावर जे होतं तेच झालं. लोकांनी श्लोक पाठ करून टाकला. गाइड वाचून पास होण्याची परंपरा किती जुनी आणि किती उपयुक्त आहे याचा याहून चांगला दाखला मला माहीत नाही.

पुढेपुढे या सवलतीचा फायदा घेणाऱ्यांत खरे पाद्री कमी आणि वाचता येणारे गृहस्थच जास्त झाले. म्हणून १४८९ साली सातव्या हेन्रीच्या राज्यात कायदा झाला, की असल्या गृहस्थांना ही सवलत एकदाच. आणि पुन्हा मागायला आले तर ओळखता यावेत म्हणून अंगठ्यावर तापलेल्या लोखंडाचा डाग द्यावा. शेक्सपिअरचा समकालीन नाटककार बेन जॉन्सन यानं १५९८ साली द्वंद्वयुद्धात गेब्रिएल स्पेन्सर नावाच्या नटाला ठार मारलं. गुन्हा कबूल होता. जॉन्सन लॅटिनचा पंडित. त्यानं श्लोक वाचला, अंगठा भाजून घेतला आणि पुढे जवळजवळ चाळीस वर्षं जगून उत्तमोत्तम नाटकं लिहिली. इंग्रजी वाङ्मयाचं भलं झालं. गेब्रिएल स्पेन्सरचं काय झालं ते विचारू नका.

मीही विचारणार नव्हतो. पण त्या रात्री मला झोप लागेना. मला दिसत होता तो जॉन्सनच्या शेजारी उभा असलेला एखादा माणूस. त्याचं नाव इतिहासात नाही, कारण लिहिणारे दुसरे होते. त्यानं खून केलेला नाही. समजा, चोरी केली आहे. त्याच्या हातात तेच पुस्तक देतात. त्याला ती काळी किडामुंगी कळत नाही. वाचता येणारा खुनी अंगठा फुंकत घरी जातो आणि वाचता न येणारा चोर दोराकडे. बायकांना तर १६२४ सालापर्यंत ही परीक्षासुद्धा देता येत नव्हती. कारण बाई पाद्री होऊच शकत नाही, मग ती क्लर्क कशी? तिला लॅटिन तोंडपाठ असलं तरी उपयोग नाही.

तुम्ही म्हणाल, त्या काळचे कायदेच रानटी होते, किरकोळ चोरीला फाशी होती. त्यातून चार जीव वाचले तर बिघडलं कुठे? खरं आहे. कित्येक न्यायाधीशांनीही पाठांतराकडे मुद्दाम काणाडोळा केला असणार. क्रूर कायद्याला ती एक पळवाट होती. पण पळवाट कुणासाठी? ज्याच्यापाशी अक्षर आहे त्याच्यासाठी. प्रश्न असा आहे, की अक्षर ओळखणाऱ्याचा जीव न ओळखणाऱ्याच्या जिवापेक्षा महाग कोणत्या हिशेबानं? इंग्रजांना हा प्रश्न उशिरा का होईना पडला. १७०६ साली त्यांनी वाचनाची परीक्षा रद्द करून सवलत सर्वांना खुली केली आणि १८२७ साली ती सवलतच काढून टाकली. सुमारे साडेतीनशे वर्षं मात्र वाचता येणं हे एक चिलखत होतं, आणि ते घालणाऱ्याचं नाव होतं क्लर्क.

इतकं झाल्यावर इंग्रजांचं दप्तर मिटून मी आपल्या घरच्या दप्तराकडे वळलो. आपल्याकडे काय आहे?

आपल्याकडे 'लिपिक' आहे, आणि तो सरकारनं परिभाषाकोशात बसून बनवलेला नाही. त्याचा पूर्वज 'लिपिकर' सम्राट अशोकाच्या पदरी होता. अशोकाच्या चौदाव्या शिलालेखात महाराज सांगतात, की कुठे काही अपुरं लिहिलं गेलं असेल तर त्याला एक कारण लिपिकराचा अपराध हेही असू शकेल. बावीसशे वर्षांपूर्वीचा हा मजकूर वाचून माझे डोळे पाणावले. साहेबाच्या कागदात काही चुकलं तर ती कारकुनी चूक, ही प्रथा किती प्राचीन! तीही दगडात कोरलेली. आणि कोरायची कुणी, तर त्याच लिपिकरानं. कर्नाटकात ब्रह्मगिरीला चपड नावाच्या लिपिकरानं लेखाच्या शेवटी स्वतःचं नाव घातलं आहे आणि 'लिपिकर' हा शब्द तेवढा मुद्दाम खरोष्ठी लिपीत लिहिला आहे. खरोष्ठी ही लिपी वायव्येकडची, हजाराहून अधिक मैलांवरची. दक्षिणेत ती वाचणार कोण? पण मला दुसरी लिपीही येते, हे चपडला कुणाला तरी सांगायचं होतं. ज्यानं टायपिंगची दोन सर्टिफिकिटं काढली आहेत त्याला चपडचं मन कळेल.

आणि 'कारकून'? फारसीत 'कार' म्हणजे काम आणि 'कुन' म्हणजे करणारा. कारकून म्हणजे काम करणारा. ही व्युत्पत्ती मी पेन्शनरांच्या सभेत सांगितली तेव्हा सभेत बरीच वर्षं न झालेलं एकमत झालं. सगळे एकदम हसले.

क्लार्कांची बाजू मांडायला उभे राहणारे एक मुद्दा हमखास मांडतात : थोरथोर माणसं क्लार्क होती! श्रीनिवास रामानुजन १९१२ साली मद्रास पोर्ट ट्रस्टमध्ये महिना तीस रुपयांवर क्लार्क होते. चार्ल्स लॅम्ब, ज्याच्या वळणावर आम्ही लघुनिबंध लिहिणारे अजून पाण्याला जातो, तो ईस्ट इंडिया कंपनीच्या लंडनच्या कचेरीत १७९२ ते १८२५ अशी तेहतीस वर्षं क्लार्क होता. हुबेहूब माझ्याइतकी. साम्य तिथेच संपतं. लॅम्बनं गमतीनं म्हणून ठेवलं आहे, की माझं खरं लेखन पाहायचं तर कंपनीच्या कपाटातल्या जाडजूड वह्यांत पाहा. पण मला विचाराल तर या यादीनं आम्हां क्लार्कांचा काही मान वाढत नाही. रामानुजनना आपण मानतो ते त्यांनी टेबलाखाली केलेल्या गणितासाठी, टेबलावरच्या खतावणीसाठी नव्हे. कारकुनी करूनही मोठं होता येतं, एवढंच त्यातून सिद्ध होतं. खुद्द कारकुनीत काही मोठं आहे का, हा प्रश्न शिल्लकच राहतो.

उलट आपल्याकडचा पुरावा काढला तर मान खाली घालावी लागते. इंग्लंडात वाचता येणाऱ्यानं स्वतःची मान वाचवली. इथे लिहिता येणाऱ्यानं दुसऱ्याची कापली. १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातल्या सुपे गावी शेतकरी सावकारांच्या घरांवर चालून गेले. त्यांना हवं काय होतं? सोनं नाणं नव्हे. कर्जखतं आणि हिशेबाच्या वह्या. त्या मिळाल्या तिथे त्यांची होळी केली. हे लोण पुणे आणि नगर जिल्ह्यांतल्या अनेक गावांत पसरलं. माणसांच्या अंगाला त्यांनी फारसा हात लावला नाही, कागदाला लावला. कारण घात माणसानं केला असला तरी कागदाच्या हातानं केला होता. ज्या खतावर आपण निशाणी केली त्यात काय लिहिलं आहे, हे ज्याला कधीच कळलं नाही, त्यानं ते जाळायचं नाही तर काय करायचं? सरकारला जाग आली आणि १८७९ साली दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी कायदा झाला. पुढे १८८३ साली जोतीराव फुल्यांनी 'शेतकऱ्याचा असूड' लिहिला. त्यातला कारकून वाचताना खुर्चीवर बसलेल्या माणसानं चुळबुळ केली नाही तर त्याची खुर्ची तपासून पाहावी.

तेव्हा अक्षराचे दोन उपयोग आपल्यासमोर आले : स्वतःची मान सोडवण्याचा आणि दुसऱ्याची अडकवण्याचा. यापलीकडे तिसरा काही असतो का?

असतो. तो मी पाहिला आहे, आणि तो कुठल्याही शब्दकोशात नाही.

माझी पहिली नेमणूक तालुक्याच्या गावी होती. तिथे आमचे जे हेडक्लार्क होते त्यांची एक खोड होती. अंगठा उठवायला कुणी समोर आलं, की शाईचं पॅड ते स्वतःच्या हाताखाली दाबून धरत आणि म्हणत, "आधी ऐका, मग अंगठा." मग कागद पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत मोठ्यानं वाचत. सरकारी मराठी वाचून झालं की तेच पुन्हा माणसांच्या मराठीत सांगत. एका अर्जाला दहा मिनिटं. मागे रांग व्हरांड्याबाहेर. आम्ही पोरं चेष्टा करायचो, की ह्यांच्याकडे अर्ज नाही, पोथी लावलेली असते.

एक दिवस एक म्हातारी पुतण्याबरोबर आली. निराधार पेन्शनीचा कागद आहे असं तिला सांगितलेलं. पुतण्या तालेवार, चहा मागवण्याची भाषा करणारा. "वाचायचं काय त्यात साहेब, घरचंच आहे," असं म्हणत त्यानं तिचा अंगठा पॅडवर टेकवलासुद्धा. हेडक्लार्कांनी कागद तेवढा ओढून घेतला आणि वाचायला लागले : सातबाऱ्यावरील माझे नाव कमी करण्यास माझी कोणतीही हरकत नाही, सबब तसा फेरफार व्हावा.

म्हातारीनं विचारलं, "ह्ये कोन म्हनतंय?"

"तुम्ही म्हणताय, आजी. तुमच्या नावानं लिहिलंय."

ती काही बोलली नाही. पुतण्याकडे तिनं पाहिलंही नाही. शाईचा अंगठा तिनं सावकाश लुगड्याला पुसला आणि उठून चालू लागली. दाराशी जाऊन परत आली आणि हेडक्लार्कांना म्हणाली, "पुन्ना कुनी काय लिवलं, तर असंच मोट्यानं वाचा."

पुतण्यानं साहेबांकडे तक्रार केली. साहेबांनी हेडक्लार्कांना आत बोलावलं. मधला पडदा विरलेला असल्यामुळे आम्हां सर्वांना संभाषणाचा लाभ झाला. साहेब म्हणाले, "अर्ज वाचून दाखवणं हे तुमच्या कामाच्या यादीत आहे का?" हेडक्लार्क म्हणाले, "नाही साहेब. पण वाचता येतं म्हणूनच सरकारनं मला ठेवलंय. तिला येत असतं तर माझं काम काय होतं?" साहेबांना उत्तर सुचलं नाही. पण साहेबांजवळ उत्तराची लेखी सोय असते. त्या वर्षीच्या गोपनीय अहवालात हेडक्लार्कांच्या नावापुढे शेरा पडला : 'कामाचा उरक कमी.' बढतीच्या यादीत त्यांचं नाव दोन वर्षं मागे गेलं. त्यांनी वाचन थांबवलं नाही.

त्यांना क्लेरोस माहीत नव्हता, बेन जॉन्सन माहीत नव्हता. पण क्लार्क म्हणजे ज्याला वाचता येतं तो, ही व्याख्या त्यांनी बरोबर उचलली होती आणि तिच्यापुढे पाच शब्द आपल्या पदरचे जोडले होते : ज्याला वाचता येत नाही त्याच्यासाठी. मला वाटतं, आमच्या धंद्यात मान मिळवण्याजोगं काही असेल तर ते एवढंच आहे. बाकी सगळं आवकजावक आहे.

ही जुनी गोष्ट झाली, असं मी स्वतःला सांगत होतो. आता शाळा झाल्या, निरक्षर माणसं कमी झाली, अंगठाबहाद्दर ही शिवी मागे पडली. पण पाहतो तो अंगठा वाजतगाजत परत आला आहे. २९ सप्टेंबर २०१० रोजी नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभली गावात देशातला पहिला आधार क्रमांक दिला गेला, आणि तेव्हापासून डॉक्टर असो, प्रोफेसर असो की पेन्शनर, सगळे निमूटपणे यंत्रावर बोटं टेकवतो आहोत. मी हयात आहे हे मी तोंडानं सांगून चालत नाही; माझ्या अंगठ्यानं सांगावं लागतं. आणि तेहतीस वर्षं कागद उलटून माझ्या अंगठ्याच्या रेषा इतक्या पुसट झाल्या आहेत, की यंत्र तीनदा मला मृत ठरवतं तेव्हा कुठे चौथ्यांदा जिवंत करतं.

तेही एक वेळ सोसलं. पण नातवानं मला नवा फोन घेऊन दिला तेव्हा त्यावर एक लांबलचक मजकूर आला. इंग्रजी, बारीक, खाली ओढू तितका खाली जाणारा. शेवटी एक चौकोन : 'मी वरील सर्व अटी वाचल्या असून मला त्या मान्य आहेत.' मी चष्मा काढला, पुसला, आणि पहिली अट वाचायला बसलो. नातू हसायला लागला. "आजोबा, ते कुणी वाचत नसतं. अंगठा लावा आणि पुढे चला."

तो इंजिनिअर आहे. त्याची आई एम. ए. आहे. त्या दोघांनी असे किती अंगठे लावले आहेत याची त्यांना गणती नाही, आणि कशाकशाला हरकत नसल्याचं त्या कागदांत लिहून ठेवलं आहे याचीही नाही. पुतण्या कोण आहे तेसुद्धा दिसत नाही. म्हणजे शिकूनसवरून आपण सगळे पुन्हा त्या म्हातारीच्या जागी येऊन उभे राहिलो आहोत. फरक इतकाच, की तिला वाचता येत नव्हतं म्हणून तिनं ऐकून घेतलं.

नातवाला मी म्हटलं, "बस खाली. आधी ऐक, मग अंगठा." आणि मोठ्यानं वाचायला लागलो. सातव्या अटीपर्यंत तो बसला होता. नवव्या अटीला त्याची आई येऊन बसली आणि म्हणाली, "थांबा, हे पुन्हा वाचा." एकूण अटी बेचाळीस आहेत. आज अकरावीपर्यंत आलो आहोत. फोन अजून सुरू झालेला नाही. कामाचा उरक कमी आहे, हे मला मान्य आहे.